होरेस सिल्व्हर, अगदी सुरुवातीचा

हार्ड बॉप या जॅझ शैलीची गोडी लागली असेल तर ‘होरेस सिल्व्हर ट्रायो’ हे संकलन ऐकाच! ऑक्टोबर १९५२ मधलं ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीचं रेकॉर्डिंग खरं तर सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसनचं होतं. त्याला जमलं नाही, म्हणून निर्माता आल्फ्रेड लायनने ती वेळ पियानोवादक सिल्व्हरला दिली. ते आणि १९५३ चं ध्वनिमुद्रण इथे एकत्र मिळतं; ड्रम्सवर आर्ट ब्लेकी.

सुरुवात ‘ओपस द फंक’ने करा. ब्लूजच आहे, पण काय ठसका! उजवा हात छोट्या, नेमक्या फ्रेझेस टाकतो आणि डावा मधूनच खर्जात गुरगुरतो. पुढच्या सिल्व्हरची सगळी ओळख मला इथेच सापडते. ‘मेसेज फ्रॉम केनिया’त पियानो नाही, नुसती ब्लेकी आणि साबू मार्टिनेझची तालवाद्यं. तरीही ते वगळू नका.