उंच केलेली पिकअप खाली उतरविताना
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग

उसाच्या पत्रिकेत मोटारगाडीचे प्रकरण काहून, असे काही सभासद बंधू विचारतील. कारण साधे आहे. आपल्या कार्यक्षेत्रात बेण्याची वाहतूक आता बंडीवर राहिली नाही, ती पिकअपवर आली आहे. एकरी दोन डोळ्यांची दहा हजार टिपरी लागतात, आणि एवढे बेणे वेळेत आणायचे तर गाडी लागतेच. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी फसू नये म्हणून कित्येकांनी आपल्या पिकअप आणि जीपगाड्या उंच करून घेतल्या. काहींनी पुढचा मूळ सांगाडा काढून त्या जागी जुन्या जीपचा सबंध ॲक्सल बसविला. आता तीच उंची नडू लागली आहे. मागील हंगामात अशी एक भरलेली गाडी नाल्याच्या उतारावर कलंडली आणि बेण्यावर बसलेल्या मजुराचा पाय मोडला. तेव्हापासून "साहेब, गाडी खाली घ्यायची आहे, किती घेऊ?" अशी विचारणा होत असते. दुसरेही एक कारण आहे. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेतून पांदणी खडीच्या होऊ लागल्या आहेत. जिथे रस्ता झाला तिथे एवढ्या उंचीचे कामच उरले नाही.

आधी गाडी उंच का झाली ते समजून घेतले पाहिजे. जुन्या महिंद्रा जीपला पुढे आणि मागे दोन्हीकडे सबंध ॲक्सल असे. म्हणजे दोन्ही चाके एकाच आडव्या नळीला जोडलेली, मधे डिफरेन्शियलचा गोळा, आणि सगळे ओझे पाट्यांवर. पुढे आलेल्या पुष्कळ गाड्यांना पुढची चाके सुटी दिली. २०१० सालच्या थारला तशीच होती. अशा गाडीत डिफरेन्शियल चॅसीला पक्के असते, ते जागचे हलत नाही, फक्त चाके खालीवर होतात. सबंध ॲक्सलचे तसे नाही. खड्ड्यात चाक वर उचलले की आख्खी नळी गोळ्यासकट वर येते, आणि वर असते इंजिनचे तेलाचे चेंबर. दोघांची टक्कर होऊ नये म्हणून मिस्त्री पाटे ॲक्सलच्या वर बसवितात. एवढ्यानेच गाडी चार-पाच इंच चढते. त्यावर मोठे टायर, मागे ठोकळे, बॉडीखाली गुटखे असे करत करत गाडी मचाणासारखी होते.

आता मुद्द्याची गोष्ट. ती आपल्या बंडीवरून चटकन कळेल. बंडीचा साटा हातभर वर उचलला तर आस चिखलातून वर येईल काय? नाही येणार. आस किती उंच राहील हे चाकाच्या घेरावर ठरते. म्हणून तर जुन्या लाकडी चाकाची बंडी चिखलातून निघायची आणि लहान टायरच्या बंडीची आस मातीला घासते. सबंध ॲक्सलच्या पिकअपचे गणित हेच आहे. तिचा सर्वांत खालचा भाग म्हणजे डिफरेन्शियलचा गोळा, आणि तो जमिनीपासून किती वर राहील हे टायर ठरवितो. पाटे कितीही चढवा, गोळा तसूभरही वर जात नाही. वर जाते ते फक्त ओझे. याचा अर्थ असा की ॲक्सल आणि चेंबर यांची टक्कर टळेल एवढी जागा ठेवून बाकीची सगळी उंची काढून टाकली तरी चिखलातले बळ फारसे कमी होत नाही. चॅसीचे पोट मात्र खाली येते. धुऱ्यावरून गाडी आडवी काढणाऱ्याने तेवढे ध्यानात ठेवावे.

उंचीने धोका किती वाढतो? समजा चाकांमधले अंतर १४० सें.मी. आणि वजनाचा मध्य जमिनीपासून ८० सें.मी. वर आहे. हिशेबाने अशी गाडी सुमारे ४१ अंशांच्या आडव्या उतारावर उलटेल. तोच मध्य १५ सें.मी. वर गेला तर ३६ अंश. त्यावर कठड्याच्या वर बेणे रचले आणि मध्य १४५ सें.मी. वर गेला, तर जेमतेम २६ अंश उरतात. हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात पाटे एका बाजूला दबतात, एक चाक चाकोरीत जाते, आणि गाडी त्याच्या खूप आधी कलंडते.

उतरविण्याआधी मापे घ्यावीत. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावे, जमिनीपासून नव्हे, म्हणजे टायरच्या हवेने माप चुकत नाही. मागचे माप रिकामी आणि भरलेली असे दोन्ही घ्यावे. मग गाडी चॅसीखाली घोडे देऊन भक्कम उभी करावी, पुढच्या पाट्यांतला फक्त मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढावेत आणि ॲक्सल जॅकने हळूहळू वर न्यावा. आधी सरळ, नंतर एकेका बाजूने. सर्वांत पहिले काय टेकते ते पाहावे. चेंबर, स्टिअरिंगचा दांडा, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, काहीही असू शकते. त्याच्या एक इंच अलीकडे रबराचा ठोकळा आला पाहिजे, आणि गाडी उभी असताना ॲक्सल व त्या ठोकळ्यात माझ्या मते निदान तीन इंच खेळ हवा. गाडी किती खाली घ्यायची, याचे उत्तर या मापातून निघते. अंदाजाने सांगणाऱ्या मिस्त्रीवर विसंबू नये.

उतरविण्याची सुरुवात सोप्या कामांनी करावी. बॉडीखालचे गुटखे आणि मागच्या पाट्याखालचे ठोकळे निघतात, त्यात मूळ गाडीला धक्का नाही. पुढच्या ॲक्सलवर ठोकळे असतील तर ते आजच काढा, तिथे ते कधीच असू नयेत. शॅकल दोन इंचाने आखूड केली की गाडी साधारण एक इंच उतरते. मागचा पाटा कमी करण्याच्या फंदात ओझे वाहणाऱ्याने पडू नये. पुढे कमी कमानीचे पाटे कारागिराकडून करून घ्यावेत. येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. काही ठिकाणी गॅसने पाटा लाल करून तिथल्या तिथे सपाट करतात. विळा आगीत पडला की त्याचे पाणी उतरते, तसेच पाट्याचे होते. तो आज वाकतो आणि भर रस्त्यात मोडतो.

पाटे पुन्हा ॲक्सलखाली घेतले तर एकदम चार-पाच इंच मिळतात. पण नळीवरच्या बैठका कापून नव्याने वेल्डिंग करावे लागते. सलग वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकते, म्हणून ते थांबत थांबत करणाऱ्या माणसाकडेच द्यावे. वर सांगितलेल्या मापात जागा निघत नसेल तर या वाटेला जाऊ नये.

खरी गडबड पुढेच होते. सायकलचा पुढचा चिमटा थोडा मागे कललेला असतो, म्हणून हात सैल सोडला तरी ती सरळ चालते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही तसाच कल असतो. शॅकल किंवा पाटे बदलले की तो बदलतो. कमी झाला तर गाडी रस्त्यावर भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, कधी थरथरते. ॲक्सल आणि पाट्याच्या मधे पोलादी पाचर देऊन तो दुरुस्त करतात; मात्र पाचरीने शाफ्टचा कोनही फिरतो, तो लगेच पाहून घ्यावा. उंच करताना स्टिअरिंगला खाली वाकलेला हात बसविला असेल तर आता मूळचा हात परत लावावा. प्रॉपेलर शाफ्ट तेव्हा लांब करून घेतला असेल तर तो आता आत टेकून पेटी फोडू शकतो. शॉकॲबसॉर्बर लांबडे राहिले तर खड्ड्यात ठोकतात. ब्रेकचा वाढविलेला नळ लोंबून टायरला घासतो, त्याला क्लिप लावा. यू-बोल्ट जुने वापरू नका आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. दिव्यांचा रोखही नव्याने करावा लागतो.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. गाडी खाली घेतली तरी बदललेला ॲक्सल बदललेलाच राहतो. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे. आणि गाडी उंच असो की बुटकी, बेण्यावर माणूस बसवू नये.