सहरीसाठी ठेवलेला भात

रमजानमध्ये उमऱ्याला निघालेल्यांची बॅग भरताना घरच्यांचं लक्ष इहरामच्या कापडावर आणि औषधांच्या डब्यावर असतं. तिथे पंधरा दिवस खायचं काय, हा प्रश्न ‘टूरवाल्यांचं जेवण आहे’ एवढ्यावर मिटतो. पण गट मालेगावचा असो की मिरजेचा, मक्का-मदिनेत पोट बिघडून खोलीत पडून राहिलेलं कुणी ना कुणी त्यात निघतंच.

याला कारण उपासमार नव्हे, रेलचेल. मदिनेच्या मस्जिद-ए-नबवीत संध्याकाळी प्लास्टिकचे लांबच लांब दस्तरख्वान अंथरले जातात. अनोळखी माणूस हाताला धरून शेजारी बसवतो. समोर खजूर, झमझमचं पाणी, पाव, दह्याचा बंद डबा आणि त्यावर भुरभुरायला ‘दुक्का’ नावाचा मसाला. हे खाणं हलकं, दिवसभराच्या रिकाम्या पोटाला मानवणारं.

घोटाळा होतो तो बाहेर. रस्त्यावर दानशूर माणसं इफ्तारसाठी भात-कोंबडीची पाकिटं वाटत असतात. एकेकाच्या हाती दोन-दोन येतात. अल्लाहच्या दारात मिळालेलं अन्न नाकारायचं कसं आणि टाकायचं तरी कसं? मग एक पाकीट खोलीवर जातं. तरावीहची लांब नमाज होते, थोडी झोप होते आणि पहाटे सहरीला तोच भात उघडला जातो. तोवर आठ-नऊ तास उलटलेले असतात.

तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. शिजवूनही ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणून हॉटेलच्या मायक्रोवेव्हवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. वासावरून कळेलच असंही नाही. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. दुसरं पाकीट गरम असतानाच झाडलोट करणाऱ्या कामगाराला द्यावं. त्यांच्यातले कितीतरी जण बांगलादेशातून आलेले असतात, आणि रोजा त्यांचाही असतो. सहरीला खजूर, पाव, केळी, फ्रिजमधलं बंद डब्यातलं दही पुरेसं होतं.

शावरम्याचं थोडं वेगळं. फिरत्या सळईवरचं मांस बाहेरून भाजलेलं आणि आत कच्चं असतं. इफ्तारनंतरच्या गर्दीत ते घाईने कापलं जातं. सोबतच्या मेयोनीजचाही भरवसा नाही. 2024 मध्ये रियाधमध्ये मेयोनीजमधून बोट्युलिझमची विषबाधा पसरली, त्यात जीवही गेला. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळ सरकारने 2023 मध्ये बंदी आणली, तीही अशाच अनुभवांनंतर. दुकान झगमगीत आहे, एवढ्यावर जाऊ नये.

एवढं करूनही जुलाब लागले तर? खरी कसोटी इथे. रोजात पाण्याचा थेंबही चालत नाही. साठी उलटलेले, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे चाचा ‘हरममधला रोजा कसा सोडू’ म्हणत मगरिबपर्यंत पडून राहतात आणि अंगातलं पाणी आटत जातं. वास्तविक कुराणात, सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत, आजारी आणि प्रवासी या दोघांनाही रोजे नंतर भरून काढण्याची मोकळीक आहे. चाचा तर दोन्ही आहेत! त्यांनी त्याच घडीला ओआरएस प्यावं, पाकिटावर लिहिलेल्या मापाने. ताप असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर थेट दवाखाना. ओआरएसची पाकिटं इथूनच न्यावीत. तिथे आजारी माणसासाठी रात्री दुकान शोधत फिरणं सोपं नसतं.

चाचांना हे डॉक्टरने सांगून पटत नाही. निघण्याआधी दुआसाठी घरी आलेल्या इमामसाहेबांनी सांगितलं, तर मात्र पटतं.