मुक्त कोड आणि महिन्याचा पगार

‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हटलं की इंग्रजी माणूस अडखळतो. आपल्याकडे फुकट आणि मुक्त असे दोन वेगळे शब्द आहेत, तरी आपण पहिलाच उचलतो. मग ओघानं प्रश्न येतो, सगळं असंच वाटलं तर प्रोग्रामरनं खायचं काय? या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५च्या जाहीरनाम्यात हाच आक्षेप स्वतःहून काढून त्याचा समाचार घेतला होता. त्याच सुमारास ते ईमॅक्स हा आपला मुक्त एडिटर टेपवर भरून १५० डॉलरला विकत होते. मोकळीक आहे ती कोड वाचण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची. पैसे घ्यायला बंदी कधीच नव्हती.

मुळात प्रोग्रामरचा पगार सॉफ्टवेअरच्या प्रती विकून निघतो, ही समजूतच तोकडी आहे. हिंजवडीत बसून परदेशी बँकेची सिस्टीम सांभाळणाऱ्याचा कोड कुठल्या दुकानात विकायला जातो? तो चुका शोधतो, नियम बदलले की जुना कोड बदलतो. मुक्त कोडलाही नेमकं हेच लागतं. १९८९ मध्ये अमेरिकेत निघालेली सिग्नस ही कंपनी याच हिशेबावर उभी राहिली. एखाद्या कंपनीनं नवी चिप काढली, पण माणसानं लिहिलेला प्रोग्राम त्या चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नसेल, तर ती चिप घेणार कोण? जीसीसी हा कंपायलर सगळ्यांना मोकळा होता. तो त्या नेमक्या चिपसाठी घडवण्याचं कसब मात्र मोजक्या हातांत होतं, आणि चिपवाले त्याचे पैसे मोजत.

व्यवहारी माणूस म्हणेल, ठीक, पण शेजाऱ्यानं तोच कोड उचलून स्वस्तात विकला तर? रेड हॅट या कंपनीच्या बाबतीत हे घडलंच. तिच्या लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची सेंटओएस नावाची जवळपास हुबेहूब आवृत्ती वर्षानुवर्षं चकटफू मिळत होती. तरीही २०१२च्या आर्थिक वर्षात रेड हॅटची मिळकत १ अब्ज डॉलरच्या वर गेली आणि २०१९ मध्ये आयबीएमनं ती ३४ अब्ज डॉलरना घेतली. मध्यरात्री सर्व्हर बसला तर फोन उचलणारं कोणीतरी असावं, यासाठी गिऱ्हाईक पैसे देत होतं. पुण्यातही रेड हॅटचे इंजिनिअर पगार घेऊन मुक्त कोडच लिहितात.

खरा अडचणीचा आक्षेप वेगळाच आहे. पैसा गिऱ्हाइकाच्या जवळ असलेल्याकडे जातो, कोड लिहिणाऱ्याकडे जाईलच असं नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या मुक्त प्रकल्पातली ‘हार्टब्लीड’ ही चूक उघडी पडली. निम्म्या इंटरनेटची कुलपं ज्याच्या भरवशावर, त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत सुमारे २,००० डॉलर! २०२४चं एक्सझेड प्रकरण तर याहून बोलकं आहे. फाइल लहान करणारं हे साधन एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. दोनेक वर्षं मदतनीस म्हणून वावरलेल्या कोणीतरी त्यात चोरदरवाजा बसवला. लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, म्हणून खोदत गेलेल्या आंद्रेस फ्रॉइंडला तो सापडला. फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टच्या पगारावर पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसचं काम करतो. एक्सझेडवाल्यालाही मदतनीस हवाच होता. पगारी माणूस ठेवण्याइतके पैसे त्याला कोणी दिले नव्हते.