बॅटरीतून घरची वीज : इन्व्हर्टर कसा वापरावा



ओतूरहून आळेफाट्याकडे जाताना पिंपरी पेंढार लागते. गावठाणात वीज आहे, पण वस्त्या मळ्यांत विखुरलेल्या आहेत. मळ्यातल्या घरापर्यंत वीज आली तरी ती टिकेल याची खात्री नसते. वादळवाऱ्यात तार तुटते, रोहित्र जळते, आणि मग रात्र अंधारात काढावी लागते. जुन्नर-आंबेगावात हा अंधार नुसता गैरसोयीचा नाही. उसाच्या फडात बिबट्या राहतो, आणि माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले हे सर्वांना ठाऊक आहे. गोठ्यासमोर एक दिवा जळत असणे ही येथे गरजेची बाब आहे.

म्हणून हल्ली पुष्कळ घरांत हाती उचलून नेता येण्याजोगा लहान इन्व्हर्टर दिसतो. तो बॅटरीला जोडला की दिवा लागतो, मोबाईल भरतो. पण तो नीट समजून वापरला नाही तर सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही, तार जळते, आणि प्रसंगी माणूसही दगावतो. तेव्हा हे यंत्र काय करते ते आधी पाहू.

बॅटरीतली वीज पाटाच्या पाण्यासारखी एकाच दिशेने वाहते. तिला डीसी म्हणतात. घरातली वीज मात्र ताक घुसळताना रवीची दोरी मागेपुढे होते तशी दिशा बदलत राहते. तिला एसी म्हणतात. आपल्याकडे ती सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते आणि तिचा दाब २३० व्होल्ट असतो. इन्व्हर्टर दोन कामे करतो. बॅटरीच्या १२ व्होल्टच्या एकदिशी विजेला तो मागेपुढे वाहायला लावतो, आणि तिचा दाब २३० पर्यंत चढवतो. तो वीज तयार करीत नाही, बॅटरीत आहे तीच रूप बदलून देतो. या बदलात साधारण सातव्या हिश्श्याइतकी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. इन्व्हर्टर गरम होतो तो यामुळेच.

आता हिशेब बघा. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार केला की साठा किती ते कळते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२०० वॅट-तास वीज मावते. पण ती सगळी काढावयाची नाही. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली वरचेवर उतरवली तर लवकर निकामी होते. म्हणजे ६०० राहिले. त्यातून इन्व्हर्टरचा खर्च वजा जाता हाती ५१० च्या आसपास येतात.

समजा, शाळेत ६० वॅटचा टीव्ही, ३० वॅटचे दोन पंखे आणि ९ वॅटचे तीन एलईडी दिवे चालवावयाचे आहेत. बेरीज १४७ वॅट. ५१० ला १४७ ने भागले की उत्तर येते सुमारे साडेतीन तास. गुरुजींनी हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्यावे. आपल्या घरातील वस्तूंवरचे वॅट मुलांनी लिहून आणले, तर गुणाकार-भागाकाराचा सरावही होईल आणि घरच्यांनाही उपयोग होईल.

ट्रॅक्टरच्या बॅटरीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती इंजिनाला क्षणभर मोठा धक्का देण्यासाठी बनवलेली असते; रात्रभर थोडी थोडी वीज देण्यासाठी नव्हे. तिच्या साठ्यापैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक घेऊ नये. ८० अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर हाती जेमतेम १६० वॅट-तास येतात. शिवाय दिवा न लावताही चालू ठेवलेला इन्व्हर्टर स्वतःसाठी पाच-दहा वॅट खात असतो. ८ वॅट धरले तरी दहा तासांच्या रात्रीत ८० वॅट-तास तेथेच संपले! कित्येकांचा असा समज असतो की बॅटरी उतरली तर इन्व्हर्टर आपोआप बंद होईल. बंद होतो खरा, पण बहुतेक यंत्रे साडेदहा व्होल्टच्या सुमारास थांबतात, आणि तोवर ट्रॅक्टर सुरू करण्याइतका जोर बॅटरीत उरलेला नसतो. म्हणून रोजच्या वापरासाठी जाड पट्ट्यांची ट्यूब्युलर बॅटरी वेगळी ठेवावी. ती भरण्यास १०० वॅटची सौर पाटी लावली, तर चांगल्या उन्हात दिवसाला ४०० वॅट-तासांपर्यंत वीज मिळते. म्हणजे वरची शाळेची बॅटरी भरावयास दोन दिवस लागतील. पावसाळ्यात याहून पुष्कळ कमी धरावे.

आता कोणती वस्तू चालवावी आणि कोणती नाही? दिवे, मोबाईल, रेडिओ, टीव्ही, लहान पंखा, संगणक हे चालतात. इस्त्री, शेगडी, पाणी तापविण्याची कांडी यांच्या वाटेस जाऊ नये. एक सोपा नियम ध्यानात ठेवा : वॅटला दहाने भागा, तेवढे अँपिअर १२ व्होल्टच्या बॅटरीतून निघतात. हजार वॅटच्या इस्त्रीला शंभर अँपिअर लागतील! मोटारीच्या वस्तूंचे आणखी एक आहे. मिक्सर, फ्रिज किंवा लहान पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज मागतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पुष्कळदा त्या क्षणभराच्या जोराचा असतो. सतत किती वॅट देईल तो आकडा विचारून घ्यावा. विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा पंप तर या यंत्राचे कामच नव्हे. त्याला पावणेचार हजार वॅटहून अधिक वीज लागते, आणि तीही बहुधा तीन फेजची. त्यासाठी सौर कृषिपंपाचाच विचार करावा.

तारेकडे दुर्लक्ष करू नका. ३०० वॅट घ्यायचे तर बॅटरीकडून ३० अँपिअर येणार. बॅटरी घरात आणि इन्व्हर्टर पन्नास फुटांवर गोठ्यात ठेवून मध्ये अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली, तर जाऊन-येऊन सुमारे साडेसहा व्होल्ट तारेतच खर्ची पडतील. बारातले उरले साडेपाच! यंत्र चालणार नाही आणि तार तापेल. उलट इन्व्हर्टर बॅटरीजवळ ठेवून २३० व्होल्टची तार लांब नेली, तर तेच ३०० वॅट दीड अँपिअरहून कमी प्रवाहात जातात आणि तूट नाममात्र राहते. तेव्हा बॅटरीकडची तार जाड आणि हात-दोन हात लांबीची असावी, आणि बॅटरीच्या अगदी जवळ योग्य फ्यूज असावा.

ज्याला मुळात डीसीच लागते त्याला इन्व्हर्टर कशाला? १२ व्होल्टचे एलईडी दिवे मिळतात. मोबाईलसाठी १२ व्होल्टचा चार्जर मिळतो. शेतातल्या कुंपणाचे झटका मशीनही थेट बॅटरीवर चालते. वाड्यातून वाड्यात मेंढ्या बसवीत फिरणाऱ्या मेंढपाळ बांधवांना तर लहान सौर पाटी, बॅटरी आणि १२ व्होल्टचा दिवा एवढे पुरे आहे.

कुंपणाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. रानडुक्कर किंवा बिबट्या येऊ नये म्हणून इन्व्हर्टरची २३० व्होल्टची वीज तारेत कदापि सोडू नका. झटका मशीन क्षणभराचा, मोजून मर्यादित ठेवलेला झटका देऊन थांबते. इन्व्हर्टरची वीज थांबत नाही. पेटी लहान दिसली तरी तिच्यातली वीज घरातल्या विजेइतकीच घातक असते. अशा तारेला रात्री पाणी धरायला गेलेला आपलाच माणूस चिकटतो. तसेच इन्व्हर्टरची पिन घराच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचून सगळे घर उजळवू नये. ती वीज उलटी तारेवर चढते, आणि लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. बॅटरी भरताना पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. म्हणून ती हवेशीर जागी, चुलीपासून दूर ठेवावी. आणि ट्रॅक्टर-जीपचे इंजिन बंद खोलीत चालू ठेवू नये. त्याच्या धुरातला विषारी वायू वासावरून ओळखू येत नाही.

शेवटी खास आपल्या भागाची एक बाब. स्वस्त इन्व्हर्टरची वीज संथ लाटेसारखी नसते, तुटक पायऱ्यांची असते. तिने पंखा गुणगुणतो, मोटार तापते आणि जवळचा रेडिओ खरखरतो. खोडदला १९९० च्या दशकात डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संदेश टिपतात. आपल्या रेडिओला जो त्रास होतो तोच त्यांनाही होतो. गुरुजींनी वर्गात ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचे पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ, लावून तो इन्व्हर्टरच्या जवळ न्यावा व दूर न्यावा. मुलांना फरक कानांनीच कळेल. म्हणून चार पैसे अधिक पडले तरी 'प्युअर साइन वेव्ह' असे लिहिलेला, खात्रीचा इन्व्हर्टर घ्यावा.

घेण्याआधी मात्र घरातल्या वस्तूंचे वॅट कागदावर मांडा, किती तास चालवावयाच्या ते लिहा आणि बेरीज करा. तो कागद घेऊनच दुकानाची पायरी चढा.