मारुतीचा दुसरा जन्म आणि नांदूरची वेस

महाराष्ट्रात गाव तिथे मारुती असतो. गावात शिरताना वेशीवर तो दिसतो, शेंदूर थापलेला, तेलाने काळवंडलेला, आणि पारावर चार म्हातारे बसलेले. गावाची राखण हे त्याचे काम. नगर जिल्ह्यात मात्र (कागदोपत्री आता अहिल्यानगर) पाथर्डी तालुक्यात एक गाव असे आहे की जिथे मारुतीचे देऊळ नाही. गावाचे नाव नांदूर निंबादैत्य. तिथला ग्रामदेव निंबादैत्य. पाडव्याला त्याची यात्रा भरते, आणि घरादारांवर, गाड्यांवर त्याच्या कृपेची अक्षरे लिहिलेली आढळतात. पोरांची नावे मारुती किंवा हनुमान ठेवत नाहीत, आणि मारुती कंपनीची मोटारही कुणी घेत नाही. एका डॉक्टरांनी ती घेतली, तेव्हा रोगी यायचे बंद झाले आणि शेवटी त्यांना गाडी बदलावी लागली, ही हकीकत त्या भागात आवडीने सांगितली जाते.

दिवाळी अंकातला हा लेख ॲनिमेशनपटांवर आहे, आणि त्यातही एका सिनेमाच्या दुसऱ्या भागावर. मग सुरुवात नांदूरपासून का? कारण त्या सिनेमाचा नायक मारुती आहे, आणि त्याच्या 'पुढे काय झाले' याचे एक उत्तर या गावाने मुंबईच्या कितीतरी आधी देऊन ठेवले आहे. ही दोन उत्तरे शेजारी ठेवली की लहानमोठ्यांनी एकत्र बसून पाहायचा 'दुसरा भाग' कशावर उभा राहतो आणि कुठे बसतो, ते उलगडते असे मला वाटते.

आधी सिनेमा. व्ही. जी. सामंत यांनी दिग्दर्शित केलेला 'हनुमान' २१ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, प्रदर्शित झाला. भारतातच तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट अशी त्याची जाहिरात होती. कथा सर्वांच्या पाठची: अंजनीचा पोर सूर्याला फळ समजून झेप घेतो, खोड्या करून ऋषींना सतावतो, शाप मिळून स्वतःची शक्ती विसरतो, आणि पुढे समुद्रकाठी जांबवंताने आठवण करून दिल्यावर उड्डाण करतो. मुलांना त्यात शेपटी, उड्डाण आणि लंकेची आग मिळाली. मोठ्यांना काय मिळाले? लहानपणची गोष्ट पुन्हा ऐकल्याचे सुख, हे एक उत्तर झाले. पण दुसरेही आहे, आणि ते त्या शापात आहे. जन्मतः अचाट बळ असलेले पोर शिस्तीखातर ते बळ विसरते, आणि पुन्हा कुणीतरी आठवण करून दिल्याशिवाय त्याला ते सापडत नाही, ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला चमत्कार वाटते, पण चाळिशीच्या माणसाला ती स्वतःची वाटते. लहानमोठ्यांचा सिनेमा म्हणजे एकच प्रसंग दोन वयांना दोन तऱ्हांनी लागणे. मुलांसाठी एक विनोद आणि मोठ्यांसाठी दुसरा, अशी वाटणी म्हणजे तो नव्हे. ही वाटणी सोपी असते म्हणूनच तिचा मोह पडतो, आणि दुसऱ्या भागाला तो हमखास पडतो.

'रिटर्न ऑफ हनुमान' डिसेंबर २००७च्या अखेरीस आला. ॲनिमेशन तिरुअनंतपुरमच्या टूंझचे होते आणि दिग्दर्शक अनुराग कश्यप. त्याच वर्षी या गृहस्थांचे 'ब्लॅक फ्रायडे' आणि 'नो स्मोकिंग' प्रदर्शित झाले होते, एक मुंबईच्या बाँबस्फोटांवर आणि दुसरा एका दुःस्वप्नावर. अशा माणसाच्या हाती मुलांचा मारुती दिला गेला! याचे मला तेव्हा नवल वाटले होते. आज वाटते, निवड चुकीची नव्हती. सिनेमाची कल्पना खरोखर चांगली आहे. चिरंजीव हनुमान स्वर्गात कंटाळला आहे. खाली पृथ्वीवर मिंकू नावाचा एक अशक्त मुलगा शाळेतल्या दांडगटांचा मार खातो आहे. हनुमान ब्रह्मदेवाकडे मनुष्यजन्म मागतो, ब्रह्मदेव अटींचा करार पुढे करतो, आणि बजरंगपूर गावात मारुती नावाचे पोर जन्माला येते. पुढे शुक्राचार्य, राहू-केतू, मारामारी असे ओघाने येतेच.

ही कल्पना चांगली का, हे समजायला पिक्सारचा 'टॉय स्टोरी २' (१९९९) उपयोगी पडतो. तो मुळात थेट व्हिडिओ कॅसेटवर काढायचा होता. नंतर तो चित्रपटगृहांत न्यायचे ठरले, आणि समाधान न झाल्याने सुमारे नऊ महिन्यांत बराचसा नव्याने रचला गेला. त्यात वुडी या बाहुल्यापुढे पेच असा: जपानमधल्या संग्रहालयात काचेआड कायमचे जपले जायचे, की अँडीकडे परतायचे, जो काही वर्षांत मोठा होऊन त्याला विसरणारच आहे? वुडी अँडीची निवड करतो. मुलांना ही मैत्रीची गोष्ट वाटते. आईबापांना कळते की ही काळाची गोष्ट आहे, आणि त्या काळात आपणही असेच मागे राहणार आहोत. पहिल्या भागात नायक कोण हे सांगून होते. दुसऱ्याला त्याच्याकडे काय नाही, ते शोधावे लागते. बाहुल्याकडे काळ नव्हता, आणि अमर हनुमानाकडेही तो नाही. काचेआडच्या अमरत्वापेक्षा एका मुलाची चार वर्षांची सोबत बरी, हे सांगायला त्याच्याइतका योग्य नायक कुठे मिळणार?

पण सिनेमा तिथवर जात नाही. कराराची अट गंमत म्हणून येते आणि गंमत म्हणूनच निघून जाते. मारुतीला माणूस झाल्याने काही गमवावे लागले, असे एकदाही वाटत नाही, कारण गरज पडली की शेपटी आहेच. मोठ्यांसाठी वेगळे विनोद ठेवले आहेत: स्वर्गाची सरकारी कचेरी आणि हिंदी सिनेमाच्या नकला. ते तेव्हा हसवून गेले, पण अठरा वर्षांनी पाहताना शेजारच्या मुलाला समजावून सांगावे लागतात, आणि समजावलेला विनोद कसा असतो ते आपण जाणतोच. मिंकूचा मार मात्र आजही तसाच लागतो. शाळेच्या मधल्या सुट्टीत कोपरा गाठून उभे राहणारे पोर कुठल्याही वयाच्या प्रेक्षकाला ओळखीचे असते.

'पुढचा भाग' हे हॉलिवूडचे फॅड, असे आपल्याकडे उगाच मानले जाते. गोष्ट संपू न देणे हा आपला जुना छंद आहे. रामायणाला उत्तरकांड आहे, भारताला हरिवंश. आणि गोदावरीच्या पलीकडे, शेवगाव तालुक्याला लागून असलेल्या पैठणात तर याचे फार लोभस उदाहरण घडले. एकनाथांचे 'भावार्थ रामायण' युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापाशी थांबले, १५९९मध्ये नाथांनी देह ठेवला, आणि उरलेले काम गावबा नावाच्या शिष्याने पुरे केले. परंपरा सांगते की हा गावबा मंदबुद्धी समजला जाणारा मुलगा होता, पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला. पुढचा भाग मूळ लेखकाने नव्हे, तर गोष्ट ऐकत ऐकत मोठ्या झालेल्या एका पोराने लिहिला, असे त्या आख्यायिकेचे म्हणणे. मला ते साहित्याच्या इतिहासातल्या पुष्कळ विधानांहून खरे वाटते.

लोकपरंपरेने तर मारुतीला मुलगाही दिला. लंका जाळून समुद्रावर आलेल्या मारुतीच्या घामाचा थेंब मगरीने गिळला आणि मकरध्वज जन्मला. पुढे अहिरावण-महिरावण रामलक्ष्मणांना पाताळात नेतात, तेव्हा दारावर राखणीला हाच मकरध्वज असतो, आणि बाप-लेक एकमेकांना न ओळखता झुंजतात. मुलांना कुस्ती मिळते. ब्रह्मचाऱ्याला मुलगा झाला म्हणताच मोठ्यांच्या मिशीत हसू येते, आणि ओळख पटते त्या क्षणी ते विरतेही. म्हणजे एकाच प्रसंगातून दोन वयांचे काम झाले, त्यासाठी वेगळे विनोद पेरावे लागले नाहीत. हे कथाभाग चित्रकथी हातात चित्रांची पोथी धरून, एकेक पान उलगडत, वाद्याच्या साथीने सांगत. प्रत्येक आख्यानाची पोथी निराळी. पैठणी चित्रशैली म्हणून ओळखली जाणारी अशी चित्रे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. मोठे डोळे, एका बाजूने काढलेले चेहरे, ताणलेले हातपाय: हलण्याच्या बेतात थांबल्यासारखी ती दिसतात.

त्यांना हलते करायची हौसही आपल्याकडे लवकर आली. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास आगकाड्या एकेक चित्रचौकटीगणिक सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली, आणि १९१७च्या 'लंकादहन'मध्ये गणपत शिंदे यांचा हनुमान आकाशात उडवला. त्या सिनेमात राम आणि सीता दोघेही अण्णा साळुंके होते. हे सांगितले की आजची मुले हसतात, तेव्हाचे प्रेक्षक मात्र हात जोडत होते.

नारदीय कीर्तनाची रचनाही इथे आठवते. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. पूर्वरंगात पोरे आईच्या मांडीवर झोपतात, आख्यान सुरू झाले की त्यांना हलवून उठवतात. नगर तालुक्यातल्या अकोळनेरला जन्मलेले, पोलिसातल्या नोकरीतून कीर्तनाकडे वळलेले दासगणू महाराज याच रचनेच्या बळावर गावोगाव ऐकले गेले. मांडव एकच आणि ऐकणारे दोन वयांचे, हा प्रश्न कीर्तनकाराने पिढ्यान्‌पिढ्या सोडवला आहे: चांगला कीर्तनकार पूर्वरंगातला अभंग आख्यानाच्या शेवटी परत आणतो, आणि जागे झालेले पोर तो अर्थ गोष्टीतूनच घेऊन घरी जाते.

आता चीनचे उदाहरण. २०२५च्या जानेवारीअखेर आलेला 'न चा २' हा २०१९च्या सिनेमाचा दुसरा भाग. त्याने जगभरात दोन अब्ज डॉलरांहून अधिक कमाई केली आणि आदल्याच वर्षी 'इनसाइड आउट २'ने केलेला ॲनिमेशनपटांचा विक्रम मोडला. नायक न चा हा चिनी पुराणातला व्रात्य देवबालक. संशोधक मेयर शहर यांनी दाखवले आहे की या देवाचे मूळ आपल्या नलकूबरात आहे, कुबेराच्या मुलात. बौद्ध तंत्रग्रंथांबरोबर तो चीनला गेला. हा नलकूबर आपल्याला दोनदा भेटतो: भागवतात यमलार्जुन वृक्ष होऊन बाळकृष्णाच्या उखळाने मोकळा होणारा, आणि उत्तरकांडात रंभेवरच्या अत्याचाराबद्दल रावणाला शाप देणारा. त्या शापामुळेच रावण सीतेला हात लावू शकला नाही, असा खुलासा उत्तरकांड करते. म्हणजे पुढचा भाग मागे जाऊन मूळ कथेतला एक दुवा जोडतो. उत्तम दुसऱ्या भागाचे हे दुसरे लक्षण: तो पाहिल्यावर पहिला भाग आधीसारखा राहत नाही.

'न चा २'मध्ये एक प्रसंग आहे. मुलाच्या अंगभर काटे उगवले आहेत, आणि मरणाच्या दारात उभी असलेली आई ते काटे रुतत असताना त्याला मिठी मारते. चित्रपटगृहात रडणारी माणसे मोठी असतात, मुले गप्प होतात. त्या सिनेमातही मारामारी भरमसाठ आहे आणि पाचकळ विनोद आहेत, अगदी 'रिटर्न ऑफ हनुमान'इतकेच पाचकळ. पण देवबालकालाही परत मिळणार नाही असे काही तिथे हरवते.

आपल्याकडे २०२५मध्येच 'महावतार नरसिंह' चालला आणि विष्णूच्या अवतारांवर एकूण सात चित्रपटांची मालिका जाहीर झाली आहे, २०३७पर्यंतची. जपानी दिग्दर्शक युगो साको यांनी आपल्या राम मोहन यांच्यासह केलेले १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचे 'रामायण'ही जानेवारी २०२५मध्ये पुन्हा पडद्यावर आले. म्हणजे पुढचे भाग भरपूर येणार आहेत. त्यांतले देव काय गमावू शकतात, यावर माझे लक्ष राहील.

यासाठीच मला नांदूरची गोष्ट महत्त्वाची वाटते. ती अशी सांगतात: सीतेच्या शोधात मारुती या डोंगराळ भागात आला. इथे निंबादैत्य राहत होता, आणि तोही रामाचाच भक्त. दोघांची जुंपली. कुणीच हटेना. जखमी होऊन दोघांनीही एकाच नावाचा धावा केला. राम आला, आणि त्याने निवाडा दिला: हे गाव निंबाचे. मारुतीने इथे यायचे नाही.

हा एक 'पुढचा भाग'च आहे, पोथीबाहेरचा. यात मारुती हरत नाही, पण एका गावापुरता तो परका ठरतो, आणि ते ठरवणारा त्याचा स्वतःचा स्वामी असतो. गोष्ट ऐकणाऱ्या पोराला दोन बलदंडांची झुंज मिळते. मोठ्याला कळते की आपल्या दैवताचे आपल्याइतकेच प्रेम दुसऱ्या कुणावर, अगदी दैत्यावरही, असू शकते, आणि ते मान्य करून वेशीबाहेर थांबावे लागते. अमर नायकाला मर्यादा कशी द्यावी, हा मुंबईच्या पटकथाकारांना न सुटलेला प्रश्न नांदूरकरांनी सोडवला, तोही करार आणि कचेरीचा विनोद न करता. अंधश्रद्धा म्हणून याला हसणारे पुष्कळ भेटतात. नावावरून माणसाला अडवणे मलाही पटत नाही. पण गोष्ट म्हणून ती अस्सल आहे.

२००७च्या सिनेमातला मारुती एका मुलाला मारातून सोडवायला जन्म घेतो. तो बजरंगपूरऐवजी नांदूरला जन्मला असता तर? त्याचीही सोय गावाने करून ठेवली आहे. हंगामात बाहेरगावाहून मजूर येतात, त्यांत एखाद्याचे नाव मारुती असते. त्याला परत पाठवत नाहीत, असे सांगतात. काम संपेपर्यंत त्याला दुसऱ्या नावाने हाक मारतात, आणि गावाबाहेर पडला की तो पुन्हा मारुती होतो.