बालाकिरेव मंडळ

बालाकिरेव मंडळ हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे कार्यरत असलेला, मुख्यतः हौशी संगीतकारांचा अनौपचारिक गट होता. मिली बालाकिरेव (१८३७–१९१०), सीझर क्युई (१८३५–१९१८), मोदेस्त मुसॉर्गस्की (१८३९–१८८१), अलेक्सांद्र बोरोदिन (१८३३–१८८७) आणि निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह (१८४४–१९०८) हे त्याचे पाच प्रमुख सदस्य होत. या मंडळाला घटना, सभासदत्व किंवा कार्यालय नव्हते. सदस्य एकमेकांच्या घरी जमत, अपुऱ्या अवस्थेतील रचना पियानोवर वाजवून दाखवत आणि त्यांवर तिथल्या तिथे चर्चा करीत. रीतसर संगीतशिक्षण न घेतलेल्या या माणसांनी रचनाशास्त्राचे धडे प्रामुख्याने अशा परस्पर टीकेतून गिरवले.

नाव

समीक्षक व्लादिमिर स्तासोव्ह याने मे १८६७ मध्ये बालाकिरेवने दिग्दर्शित केलेल्या एका मैफलीचे परीक्षण लिहिताना रशियन संगीतकारांच्या छोट्या गटाला ‘मोगूचाया कूचका’ असे संबोधले. ‘मूठभर, पण बलाढ्य’ असा त्याचा आशय सांगता येईल. त्या मैफलीत पाचही जणांच्या रचना नव्हत्या, त्यामुळे स्तासोव्हला नेमके हेच पाच जण अभिप्रेत होते असे म्हणता येत नाही. विरोधकांनी हे नाव थट्टेने उचलून धरले आणि पुढे तेच रूढ झाले.

पार्श्वभूमी

त्या काळच्या रशियात संगीतकार हा कायद्याने मान्य असा व्यवसाय नव्हता. चित्रकार किंवा शिल्पकाराला अकादमीतून ‘स्वतंत्र कलावंत’ हा दर्जा मिळे. संगीतकाराला तो मिळत नसे. साहजिकच संगीतरचना हा बहुधा नोकरी-जमीनजुमला असलेल्या सुशिक्षितांचा फावल्या वेळेचा छंद होता. पियानोवादक व संगीतकार आंतोन रुबिनस्टाईन याने १८६१ मध्ये एका लेखात या हौशी संस्कृतीवर कठोर टीका केली. एखाददुसरे गीत रचून स्वतःला संगीतकार म्हणवणारे लोक कलेची हानी करतात आणि त्यावर संगीत विद्यालय हाच उपाय आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. स्तासोव्हने त्याला तितकेच तिखट उत्तर दिले. विद्यालये पदव्या देतील, पण स्वतंत्र विचार मारून टाकतील, अशी त्याची भूमिका होती.

१८६२ मध्ये रुबिनस्टाईनच्या पुढाकाराने सेंट पीटर्सबर्ग संगीत विद्यालय स्थापन झाले. त्याच वर्षी बालाकिरेव आणि गायनवृंदाचा दिग्दर्शक गाव्रिईल लोमाकिन यांनी ‘मोफत संगीत शाळा’ सुरू केली. मंडळातील सदस्यांच्या रचना वाद्यवृंदाकडून ऐकायला मिळण्याचे ती एक महत्त्वाचे व्यासपीठ ठरली.

सदस्य

पाचांपैकी केवळ बालाकिरेवचा चरितार्थ संगीतावर, म्हणजे वादन आणि शिकवण्यांवर चाले. क्युई हा लष्करी अभियंता आणि तटबंदीशास्त्राचा तज्ज्ञ होता. मुसॉर्गस्कीने १८५८ मध्ये रक्षकदलातील अधिकारपद सोडले आणि पुढे सरकारी कारकुनी पत्करली. रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदलात होता. बोरोदिन वैद्यकीय-शल्य अकादमीत रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि अल्डिहाइडांवरील त्याचे संशोधन रसायनशास्त्राच्या इतिहासात आजही नोंदले जाते. आजारी पडला की तो घरी राही आणि संगीत लिही. म्हणून संगीतप्रेमी मित्र आपल्याला आरोग्य चिंतण्याऐवजी आजारपण चिंततात, असे तो विनोदाने म्हणे.

बैठकांची पद्धत

ध्वनिमुद्रण अस्तित्वात नसलेल्या काळात वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना प्रत्यक्ष मैफलीखेरीज ऐकण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे ती पियानोसाठी उतरवून घेणे. बैठकीत दोघे जण एकाच पियानोवर शेजारी बसत आणि चार हातांनी सबंध सिंफनी वाजवत. बीथोव्हन, शुमान, बर्लिओझ, लिस्ट आणि मिखाईल ग्लिंका यांच्या रचना अशाच वाजवून त्यांची फोड केली जाई. त्यानंतर सदस्यांच्या नव्या कामाची पाळी येई.

बालाकिरेवच्या अध्यापनाचे सर्वांत तपशीलवार वर्णन रिम्स्की-कोर्साकोव्हच्या आत्मचरित्रात सापडते. बालाकिरेवनेही स्वरमेळ (हार्मनी) किंवा अनेक स्वतंत्र सुरावटी एकत्र गुंफण्याचे शास्त्र (काउंटरपॉइंट) क्रमवार शिकलेले नव्हते. त्याच्याजवळ होती ती विलक्षण स्मरणशक्ती आणि तितकाच तीक्ष्ण कान. कोणी रचना वाजवली की तो दोष तत्काळ ओळखे, स्वतः पियानोवर बसे आणि तो भाग कसा असावा ते वाजवून दाखवी. तो रचनेकडे सलग पाहत नसे. पाश्चात्त्य स्वरलेखनातील ‘बार’, म्हणजे ठरावीक मात्रांचा कप्पा, हे त्याच्या परीक्षणाचे एकक होते. अमुक चार बार उत्तम, पुढचे आठ कमजोर, नंतरची सुरावट टाकाऊ, पण तिथून पुढे जाण्याची वाट सुरेख, असा त्याचा अभिप्राय असे.

नवशिक्याला लहान अभ्यासांत न अडकवता थेट सिंफनी लिहायला बसवणे ही बालाकिरेवची दुसरी खासियत. नोव्हेंबर १८६१ मध्ये सतरा वर्षांचा नौदल विद्यार्थी रिम्स्की-कोर्साकोव्ह त्याला प्रथम भेटला आणि लवकरच सिंफनीच्या कामाला लागला. १८६२ मध्ये ‘अल्माझ’ या जहाजावर दीर्घ सफरीसाठी जावे लागल्यावरही काम थांबले नाही. जहाज इंग्लंडमध्ये नांगरलेले असताना त्याने संथ लयीचा भाग पियानोशिवाय लिहिला आणि टपालाने बालाकिरेवकडे पाठवला. उत्तरात पसंतीबरोबर काही दुरुस्त्याही आल्या. डिसेंबर १८६५ मध्ये बालाकिरेवने ही सिंफनी मोफत संगीत शाळेच्या मैफलीत सादर केली. टाळ्यांच्या गजरात अभिवादनासाठी मंचावर आलेला संगीतकार नौदलाच्या गणवेशातील तरुण आहे हे पाहून श्रोते चकित झाले. बोरोदिनच्या पहिल्या सिंफनीलाही (पहिला प्रयोग १८६९) बालाकिरेवच्या हाताखालून बारगणिक जावे लागले. व्याप सांभाळून ती पूर्ण करायला बोरोदिनला सुमारे पाच वर्षे लागली.

या पद्धतीचे यश निर्विवाद आहे. पाठ्यपुस्तक उघडण्यापूर्वीच सदस्यांच्या हातून मोठ्या आवाक्याच्या रचना पूर्ण झाल्या आणि त्या सादरही झाल्या.

अभिरुचीची सक्ती

दुसरी बाजू अशी की, दोष दाखवणे आणि स्वतःची आवड लादणे यांतील सीमारेषा बालाकिरेवला क्वचितच दिसे. मंडळात मोझार्ट व हायडन भाबडे आणि कालबाह्य मानले जात. बाखचे संगीतही निर्जीव समजले जाई. या मतांपासून दूर जाणाऱ्याची धडगत नसे. शिवाय बालाकिरेवने सुचवलेली दुरुस्ती बहुधा त्याच्याच शैलीतील असे, त्यामुळे काही रचनांत शिष्य किती आणि गुरू किती हे वेगळे करणे अवघड जाते.

पीटर चायकोव्स्की याच्याशी बालाकिरेवने केलेला पत्रव्यवहार या पद्धतीचा कदाचित सर्वोत्तम नमुना ठरावा. चायकोव्स्की मंडळाचा सदस्य नव्हता. उलट तो रुबिनस्टाईनच्या विद्यालयाचा पदवीधर होता. १८६९ मध्ये बालाकिरेवने त्याला शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’वर रचना करण्याचे सुचवले, आराखडा दिला आणि सुरुवात कशी असावी हे दाखवण्यासाठी स्वतः काही बार लिहून पाठवले. चायकोव्स्कीने मुख्य सुरावटी कळवल्यावर त्याने प्रत्येकीवर स्वतंत्र शेरा दिला. प्रेमाची सुरावट त्याला अतिशय आवडली. प्रारंभीची सुरावट मात्र हायडनच्या चौकडीसारखी वाटली. तिथे चर्चच्या प्रार्थनागीतासारखे काही हवे, असे त्याने सुचवले. मार्च १८७० मध्ये पहिला प्रयोग झाल्यावर चायकोव्स्कीने प्रारंभ बदलून नव्याने लिहिला. १८८० मध्ये आणखी फेरफार करून त्याने रचनेला अंतिम रूप दिले आणि ती बालाकिरेवला अर्पण केली. येथे टीका लाभदायक ठरली याचे कारण चायकोव्स्कीच्या शिक्षणात शोधता येते. काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवण्याचे साधन त्याच्याजवळ होते, आणि सर्व सूचना त्याने मान्य केल्याही नाहीत.

मुसॉर्गस्कीच्या बाबतीत नेमके उलटे घडले. जून १८६७ मध्ये त्याने ‘नाईट ऑन बाल्ड माउंटन’ ही चेटकिणींच्या मेळ्यावरील वाद्यवृंदरचना पूर्ण केली. बालाकिरेवने ती नापसंत केली आणि फेरफार केल्याशिवाय सादर करण्यास नकार दिला. तुम्ही ती वाजवा अगर वाजवू नका, मूळ आखणी व मांडणी मी बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर मुसॉर्गस्कीने दिले. त्याच्या हयातीत ही रचना कधीच वाजली नाही.

बरोबरीच्या नात्याने

१८७० च्या सुमारास आर्थिक आणि मानसिक संकटात सापडलेला बालाकिरेव मंडळापासून दूर गेला आणि १८७२ मध्ये त्याने रेल्वेत कारकुनाची नोकरी धरली. गुरू नसलेल्या या काळात सदस्यांचे आपापसांतील सहकार्य अधिक मोकळे झाले. १८७१–७२ च्या हिवाळ्यात मुसॉर्गस्की आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह एकाच खोलीत राहत. पियानो एकच होता. दुपारपर्यंत मुसॉर्गस्की तो वापरी आणि दुसरा नक्कल किंवा वाद्यवृंदलेखन करी. मुसॉर्गस्की कचेरीत गेला की पियानो रिकामा होई. एकाचे ‘बोरिस गोदुनोव्ह’ आणि दुसऱ्याचे ‘प्स्कोव्हची कन्या’ या दोन ऑपेरांचे काम अशा रीतीने एका छताखाली चालले.

बैठकांचे यजमानपद अनेकदा ग्लिंकाची बहीण ल्युदमिला शेस्ताकोवा हिच्याकडे असे. अलेक्सांद्रा आणि नादेझ्दा पुर्गोल्ड या भगिनींमुळे नव्या ऑपेरांचे प्रवेश घरच्या घरी ऐकता येत. अलेक्सांद्रा स्त्रीपात्रांची गाणी गाई, तर नादेझ्दा सबंध वाद्यवृंदाची जागा पियानोवर भरून काढी. नादेझ्दाचे रीतसर संगीतशिक्षण झालेले होते. १८७२ मध्ये तिचा रिम्स्की-कोर्साकोव्हशी विवाह झाला. मंडळाच्या इतिहासात या स्त्रियांचा उल्लेख बहुधा पाहुणचारापुरताच येतो, तो अपुरा आहे.

सदस्यांमधील टीका खाजगी होती तोवर ती सोसली गेली. क्युई मात्र वृत्तपत्रात संगीतसमीक्षाही लिहीत असे. १८७४ मध्ये ‘बोरिस गोदुनोव्ह’ रंगमंचावर आल्यावर त्याने परीक्षणात मुसॉर्गस्कीवर घाईचा आणि आत्मसंतुष्टतेचा ठपका ठेवला. वर्षानुवर्षे एकाच पियानोभोवती बसलेल्या मित्राकडून आलेले हे शब्द मुसॉर्गस्कीच्या जिव्हारी लागले. मंडळ विस्कटत असताना बोरोदिनने एका पत्रात त्याची स्वाभाविक मीमांसा केली. कोंबडीखाली असताना सारी अंडी सारखीच दिसतात, पिल्ले बाहेर पडून त्यांना पिसे फुटली की ती निरनिराळी होतात, असे त्याचे म्हणणे होते.

शिक्षणाकडे परत

१८७१ मध्ये रिम्स्की-कोर्साकोव्हला त्याच संगीत विद्यालयात प्राध्यापकपद देऊ करण्यात आले, ज्याच्या विरोधात मंडळ उभे राहिले होते. त्याने ते स्वीकारले. आपल्याला स्वरमेळाचे नियम धड ठाऊक नाहीत आणि स्वरसमूहांची शास्त्रीय नावेही सांगता येत नाहीत, हे त्याला तेव्हा उमगले. विद्यार्थ्यांच्या एक पाऊल पुढे राहण्यासाठी तो घरी अभ्यास करू लागला. त्याने लिहिलेले दहा फ्यूग, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक अनेक पट्ट्यांत प्रवेश करते अशा रचना, १८७५ मध्ये चायकोव्स्कीने तपासून वाखाणले. मंडळातील जुन्या सोबत्यांना हा बदल पसंत नव्हता. मुसॉर्गस्कीला तर तो विश्वासघात वाटला. वाद्यवृंदलेखनाचे जे पाठ्यपुस्तक रिम्स्की-कोर्साकोव्हने मागे ठेवले, त्याचा जन्म मात्र याच अपमानकारक जाणिवेत आहे.

मरणोत्तर संस्करणे

बोरोदिनचा ‘प्रिन्स इगोर’ हा ऑपेरा १८६९ पासून रखडत होता. १८७९ मध्ये मैफलीची तारीख तोंडावर आल्यावर रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि आनातोली ल्यादोव्ह त्याच्या मदतीला धावले. पेन्सिलीने लिहिलेले कागद पुसले जाऊ नयेत म्हणून बोरोदिन त्यांवर पातळ जिलेटिन लावी आणि ते धुतलेल्या कपड्यांप्रमाणे दोरीवर वाळत घाली. १८८७ मध्ये बोरोदिनचे अकस्मात निधन झाल्यावर रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि अलेक्सांद्र ग्लाझुनोव्ह यांनी ऑपेरा पूर्ण केला आणि १८९० मध्ये तो रंगमंचावर आला.

मुसॉर्गस्कीच्या कागदपत्रांनाही रिम्स्की-कोर्साकोव्हनेच हात घातला. अपूर्ण ‘खोवान्श्चिना’ त्याने पूर्ण केला, मागे राहिलेल्या साहित्यातून ‘नाईट ऑन बाल्ड माउंटन’ नव्याने बांधून १८८६ मध्ये सादर केले आणि ‘बोरिस गोदुनोव्ह’चे सबंध वाद्यवृंदलेखन बदलले. विद्यालयीन नियमांत न बसणारे मुसॉर्गस्कीचे अनेक स्वरसमूह त्याने चुका समजून सुधारले. बैठकीत अशा सूचनेला मुसॉर्गस्की नकार देऊ शकत होता. येथे तसे होण्याची शक्यता उरली नव्हती. तथापि या संस्करणांखेरीज ही संगीतकृती जगभर पोहोचली नसती, हेही मान्य करावे लागते. ‘बोरिस’ची मूळ हस्तलिखितांवर आधारित संहिता पावेल लाम याच्या संपादनाखाली १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. बालाकिरेवने नाकारलेले ‘बाल्ड माउंटन’ मूळ रूपात छापले जाण्यासाठी १९६८ साल उजाडावे लागले.