तापाचा मोसम आणि इंटरनेटवरची गर्दी

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसायला जागा उरत नाही. अलीकडे रुग्ण 'डॉक्टर, ताप आलाय' असे म्हणत नाही, 'डेंगी तर नसेल ना?' असे विचारतो. आदल्या रात्री त्याने मोबाईलवर सगळे वाचलेले असते. म्हणजे गर्दी आधी इंटरनेटवर होते, मग दवाखान्यात.

गुगल कंपनीच्या हे पूर्वीच ध्यानात आले होते. लोक फ्लूविषयी किती शोध घेतात यावरून साथीचा अंदाज बांधण्याचा उपक्रम तिने २००८ मध्ये अमेरिकेत सुरू केला. २०११ मध्ये डेंगीसाठीही तसेच केले, त्यात भारतही होता. शोधांचा आणि रुग्णांचा आलेख बराचसा बरोबरीने वर-खाली होई. पण २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील फ्लूचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. साथीच्या बातम्या वाचून धडधाकट माणसेही शोध घेऊ लागली, असे त्याचे एक कारण सांगितले जाते. २०१५ मध्ये कंपनीने हे अंदाज प्रसिद्ध करणे थांबवले.

डेंगीला मोसम असतो तो डासामुळे. एडिस डास कूलर, जुने टायर, पाण्याची पिंपे अशा ठिकाणी साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात. रोगी डास चावल्यावर ४ ते १० दिवसांनी ताप येतो. म्हणून साथ पहिल्या सरीबरोबर येत नाही, मागाहून येते आणि पाऊस ओसरल्यावरही रेंगाळते.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ताप चढलेला असतो तोवर घरातली मंडळी मोबाईलवर शोध घेत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला की मोबाईल बाजूला पडतो आणि रुग्ण शेतावर किंवा कामावर निघतो. डेंगीत धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होऊ शकतो! साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरताना, काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागते आणि रक्तदाब घसरतो. पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, गळून जाणे किंवा अस्वस्थ वाटणे, यांपैकी एक जरी दिसले तरी रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

प्लेटलेटच्या आकड्याची लोकांनी फार धास्ती घेतली आहे. नुसत्या त्या आकड्यावरून रुग्णाची स्थिती कळत नाही. नाडी, रक्तदाब आणि रक्ताचा घट्टपणाही पाहावा लागतो. पपईच्या पानांच्या रसाविषयी तर मला रोज विचारतात. त्यावर विसंबून तपासणी टाळू नये, एवढेच माझे म्हणणे.

अंगदुखीसाठी दुकानातून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही तपासणी उपयोगी पडते, पुढे आयजीएम. भरपूर पेज, ताक, जलसंजीवनी द्यावी. आणि ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस मी रुग्णाला रोज बोलावतो. 'आता ताप नाही, मग कशाला?' असे पुष्कळजण विचारतात. तरीही बोलावतो.